विजापूर रोडवरचा टेस्ट ड्राइव्ह मेळा: गाडी मागच्या सीटवरून बघा

आधीच सांगून टाकते, गाडी घ्यायचं डोक्यात असेल आणि आपल्या सोलापुरात असा सगळ्या कंपन्यांचा एकत्र टेस्ट ड्राइव्हचा मेळा लागला तर नक्की जावा, आणि एकटे जाऊ नका. घरातलं जे माणूस रोज मागं बसणार आहे त्याला सोबत न्या. मोबाईलवर रिव्ह्यू बघून बघून आमच्या घरात मागचे कित्येक महिने नुसती चर्चा चालली होती, ही घेऊ का ती घेऊ, आणि त्या सगळ्या चर्चेत जी गोष्ट कुणाच्याच तोंडात आली नव्हती ती तिथं सासूबाईंनी गाडीत पाय ठेवल्या ठेवल्या कळाली. म्हणून हे सविस्तर लिहितेय, लांब झालंय, पण ज्यांना गाडी घ्यायची आहे त्यांनी सावकाश वाचा.

मेळा होता विजापूर रोडला, सैफुलच्या पुढं एका मोठ्या लॉनवर, जिथं एरवी लग्नं असतात. एंट्री फ्री. आत गेलं की एका बाजूला मंडपात चकचकीत उभ्या केलेल्या गाड्या, त्या फक्त बघायच्या, आणि बाहेर रस्त्याच्या कडेला डेमोच्या गाड्या, त्या चालवायच्या. गेटवर लायसन्स बघतात, डिजीलॉकरमधलं पण चालतं, मोबाईल नंबर घेतात, एक फॉर्म भरून घेतात आणि मग टोकन. तो फॉर्म वाचून सही करा. आमच्या फॉर्ममध्ये खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की चालवताना काही नुकसान झालं तर चालवणाऱ्याकडून वसूल केलं जाईल, म्हणून मी आधी विचारून घेतलं की गाडीला इन्शुरन्स आहे ना, आणि त्यातला किती भाग माझ्यावर येतो. तिथल्या मुलाला उत्तर माहीत नव्हतं, त्याने मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरने नीट सांगितलं. विचारायला अजिबात लाजू नका.

या मेळ्याची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे रूट. शोरूमला टेस्ट ड्राइव्ह मागितली की बऱ्याचदा काय करतात, दुकानापुढच्या गुळगुळीत रोडवर एक चक्कर मारून आणतात आणि बुकिंगचं विचारायला लागतात. इथं तसं नव्हतं. लॉनवरून निघून विजापूर हायवेला सोरेगावच्या बाजूला सरळ जायचं, तिथं गाडी पळवून बघता येते, मग यू टर्न मारून परत येताना जुळे सोलापूरच्या आतल्या गल्ल्यांतून यायचं, जिथं स्पीडब्रेकर आहेत, पाईपलाईनसाठी खोदून तसाच बुजवलेला रस्ता आहे, मधे आडवी येणारी पोरं आहेत, एका कोपऱ्यावर चढ आहे. म्हणजे आपण रोज जसे फिरतो तसाच रस्ता. आणि सगळ्या गाड्यांना एकच रूट, त्यामुळे तोच खड्डा, तोच ब्रेकर, तोच चढ एकापाठोपाठ एक गाडीतून अनुभवता येतो. फरक पाठीला आपोआप कळतो, कुणी समजावून सांगायची गरजच पडत नाही. ज्यांनी हा रूट ठरवला त्यांचं मनापासून कौतुक.

आता आमची गरज काय ती सांगते, म्हणजे माझं मत कुठून आलंय ते कळेल. आमचं छोटं शिलाई युनिट आहे, शाळेचे युनिफॉर्म. सोलापूरची चादर जगाला माहिती आहे, पण इथले युनिफॉर्म पण देशभर जातात, ते बाहेरच्यांना कमी माहीत असतं. आमच्या ऑर्डरी जवळपासच्याच, बार्शी, मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट. मार्च ते जून नुसती धावपळ, सॅम्पल दाखवायला जायचं, मापं घ्यायला जायचं, आणि शेवटी राहिलेले गठ्ठे आपल्याच गाडीत टाकून पोचवायचे. गाडी मीच चालवते, आमचे हे कारखाना बघतात. घरात सासूबाई आहेत, वय सत्तरीच्या पुढं, दोन्ही गुडघे दुखतात, पण अक्कलकोटला स्वामींकडं आणि तुळजापूरला जायचं म्हटलं की सगळ्यात आधी तयार. आणि मुलगी नववीत. म्हणजे डिकी मोठी पाहिजे, खर्च कमी पाहिजे, आणि मागं बसायला-उतरायला सोपं पाहिजे. या तिन्ही गोष्टी एका गाडीत आणि बजेटमध्ये बसवणं लई अवघड आहे हे त्या दिवशी पुरतं कळालं.

सुरुवात डिझायरपासून केली कारण घरात सगळ्यांच्या मनात तीच होती. नोव्हेंबर २०२४ ला जी नवीन आली ती. चालवायला इतकी हलकी की क्लच दाबल्यासारखा वाटतच नाही, गल्लीत वळवायला सोपी, आणि ग्लोबल एनकॅप नावाच्या क्रॅश टेस्टमध्ये ५ स्टार मिळालेली मारुतीची पहिली गाडी ही, त्यामुळे पूर्वी जे लोक म्हणायचे की पत्रा पातळ आहे त्यांना आता उत्तर मिळालंय. मायलेजचा कंपनीचा आकडा पेट्रोल मॅन्युअलला २४.७९ आणि सीएनजीला किलोला ३३.७३. हे आकडे टेस्टिंगचे असतात, रोजच्या वापरात कमीच पडतात, पण तरी या वर्गात ती वरच आहे. मला गाडी मनापासून आवडली. पण सेडान म्हटली की बैठक खाली असते, त्याला कुठलीच सेडान अपवाद नाही. सासूबाई बसल्या खऱ्या, उतरताना मात्र दाराला धरून, एक हात माझ्या खांद्यावर, असं उठायला लागलं. काही बोलल्या नाहीत त्या. पण मी त्यांचा चेहरा बघितला आणि माझ्या मनातून सेडान तिथंच गेली.

टाटाच्या पंचचं उलटं झालं. पंचची दारं जवळपास ९० अंशात उघडतात, म्हणजे अगदी सताड, आणि सीटची उंची अशी की माणूस खाली वाकत पण नाही आणि वर चढत पण नाही, नुसतं टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. सासूबाई पहिल्यांदा बसल्या, उतरल्या, आणि स्वतःहून परत बसून बघितलं. तिथला मुलगा पण चांगला होता, "बसा की ओ आज्जी, काय घाई नाही, एसी चालू ठेवतो" म्हणाला. हे दार किती उघडतं ही गोष्ट मी इतक्या रिव्ह्यूत कधी नीट लक्ष देऊन ऐकली नव्हती. सगळे सांगतात स्क्रीन किती इंची, स्पीकर कुठल्या कंपनीचे, सनरूफ आवाजाने उघडतं का. ज्याच्या घरात गुडघेदुखीचं माणूस आहे त्याला दार आणि सीटची उंची ह्या दोन गोष्टी आधी पाहिजेत. आमच्याकडं निम्म्या घरांत असं माणूस आहे.

आता सीएनजी. इथं मी जास्त वेळ घालवला कारण आमचं रनिंग जास्त. सीएनजी गाडीचं जुनं दुखणं सगळ्यांना माहिती आहे, एकच मोठी टाकी डिकीत आडवी बसवलेली असते, मग डिकीत एक बॅग ठेवायची म्हटलं तरी मारामारी. आमचे गठ्ठे तर विसराच. टाटाने २०२३ ला अल्ट्रोजमध्ये दोन छोट्या टाक्या डिकीच्या फरशीखाली बसवायची पद्धत आणली, मग पंचला दिली, ह्युंदाईने पण २०२४ ला एक्स्टरमध्ये दोन टाक्या दिल्या. आणि मारुतीची व्हिक्टोरिस आली तिच्यात तर टाकी गाडीच्या पोटाखाली आहे, डिकी पूर्ण मोकळी. ही माहिती मला होती, पण डोळ्यांनी बघणं वेगळं. मी मुद्दाम कारखान्यातून शर्टांचे बांधलेले गठ्ठे आणि एक कापडाचा तागा आणला होता. टाटाच्याच नेक्सॉन सीएनजीची डिकी कंपनी ३२१ लिटर सांगते, लिटरमधून आपल्याला काय कळणार, म्हणून मी तिथल्या माणसाला विचारलं की गठ्ठे ठेवून बघू का, त्याने लगेच डिकी उघडून दिली. गठ्ठे आरामात बसले, तागा तिरका बसला. पंच सीएनजीमध्ये डिकी लहान, कंपनीचा आकडा २१० लिटर, तिथं गठ्ठे बसले पण तागा मागच्या सीटवर घ्यावा लागला असता, म्हणजे सासूबाई असतील त्या दिवशी माल नाही आणि माल असेल त्या दिवशी सासूबाई नाहीत. तुम्ही पण जाताना तुमची जी नेहमीची वस्तू आहे ती घेऊन जा. व्हीलचेअर असेल, क्रिकेटची किट असेल, दुधाचे कॅन असतील, जे असेल ते ठेवून बघा. कुणी काही म्हणत नाही.

नेक्सॉन सीएनजीचं अजून एक, टर्बो इंजिनला सीएनजी दिलेली ही भारतातली पहिली गाडी, सप्टेंबर २०२४ ला आली. सीएनजीवर गाडी मेल्यासारखी चालते ही तक्रार आपण सगळे ऐकून आहोत, त्या चढाच्या कोपऱ्यावर मी मुद्दाम गाडी थांबवून दुसऱ्या गिअरमध्ये उचलून बघितली, चौघं बसलेले, एसी फुल, गठ्ठे डिकीत. उचलली. पेट्रोलएवढा जोर नाही पण कुरकुर नाही केली. आणि ती थेट सीएनजीवरच स्टार्ट होते, आधी पेट्रोल आणि मग सीएनजी असं नाही. बैठक पंचपेक्षा उंच आहे, सासूबाईंना चढताना पाय थोडा उचलावा लागला, पण वरच्या हँडलला धरून जमलं, आणि उतरताना सेडानपेक्षा पुष्कळ सोपं गेलं. एक गोष्ट मात्र विक्रेते आपणहून सांगत नाहीत, ती मी सांगते, सीएनजीच्या टाकीची दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, करून घ्यावी लागते, त्याचा खर्च आणि वेळ धरून ठेवा. आणि पंपावरची रांग पण धरून ठेवा.

महिंद्राची एक्सयूव्ही ३एक्सओ मागच्या सीटसाठी त्या दिवशी सगळ्यात मोकळी वाटली. एप्रिल २०२४ ची गाडी, जुन्या एक्सयूव्ही ३०० वरूनच केलेली, पण आत बसलं की रुंदी जाणवते, तिघं मागं बसले तरी खांदे घासत नाहीत. मुलगी तर सनरूफ बघून हरखून गेली, पॅनोरमिक आहे, पुढून मागपर्यंत. तिला मी नाही म्हटलं नाही, पण घरी आल्यावर सांगितलं की आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, दुपारी काचेच्या छताखाली बसायचं म्हणजे एसी दुप्पट राबणार. ज्यांना हौस आहे त्यांनी जरूर घ्या, पडदा ओढून ठेवता येतो, पण हे फीचर आमच्या उन्हाचं नाही असं माझं ठाम मत आहे. इंजिन मात्र झकास, हायवेला ट्रकला ओव्हरटेक करताना विचार करावा लागला नाही.

क्रेटा पण चालवली. २०१५ पासून लोक एवढी का घेतात ते चालवल्यावर लगेच कळतं, कुठंच काही खटकत नाही. पण ती ४ मीटरच्या वरची गाडी आणि इथं जीएसटीचा हिशोब येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जे बदललं त्यात ४ मीटरच्या आतल्या गाड्यांना, पेट्रोल-सीएनजी १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत, १८ टक्के, आणि त्यावरच्यांना ४० टक्के. इलेक्ट्रिकला ५ टक्केच. म्हणजे एकाच मंडपात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या गाड्यांत कराचाच केवढा फरक. हे तिथं एका बोर्डावर मराठीत नीट लिहून लावलं असतं तर लोकांचं फार भलं झालं असतं. जे लोक गावाकडून आले होते ते विचारत होते की ही गाडी स्वस्त झाली, ती का तेवढी नाही झाली, आणि प्रत्येक स्टॉलवर वेगळं उत्तर मिळत होतं.

इलेक्ट्रिकच्या बाजूला गर्दी जास्त होती आणि प्रश्न पण जास्त. मी आधी कधीच इलेक्ट्रिक कार चालवली नव्हती. पंच ईव्हीत बसले, चालू केली, आवाजच नाही, मी विचारलं झाली का चालू, तर शेजारचा मुलगा म्हणाला मॅडम झाली, सोडा ब्रेक. ॲक्सिलरेटरला नुसता पाय लावला की गाडी अशी पुढं सरकते की गल्लीत तर क्लच-गिअरची आठवण पण येत नाही. ब्रेकचं पण वेगळं आहे, पाय उचलला की गाडी आपोआप मंद होते आणि तेवढी बॅटरी परत भरते, स्टिअरिंगमागच्या पॅडलने ते कमी-जास्त करता येतं. जास्तीवर ठेवलं तर मागच्यांना झटका बसतो, मुलगी म्हणाली मम्मी मळमळतंय, मग कमी केलं. हे पण मागं कुणी बसलेलं असल्याशिवाय कळत नाही बघा, चालवणाऱ्याला ते जाणवतच नाही.

रेंजचं मात्र नीट समजून घ्या. नेक्सॉन ईव्हीच्या ४५ किलोवॅट अवरच्या बॅटरीचा टेस्टिंगचा आकडा ४८९ किलोमीटर आहे, पण खुद्द कंपनीच रोजच्या वापराचा अंदाज साडेतीनशेच्या थोडा वर देते. सोलापूर-पुणे साधारण अडीचशे. म्हणजे जाताना पोचाल, पण परत यायला चार्जिंग पाहिजेच, आणि मे महिन्यात एसी फुल ठेवून १०० च्या स्पीडने गेलात तर अजून कमी. आमच्यासारख्यांचं रनिंग, मंगळवेढा जाऊन-येऊन, अक्कलकोट जाऊन-येऊन, हे एका चार्जमध्ये सहज होतं, रात्री घरी लावायची आणि सकाळी निघायचं. घरात पार्किंग असेल आणि १५ अँपिअरचा पॉइंट टाकून घेता येत असेल तर इलेक्ट्रिकचा विचार सिरियसली करा असं मला आता वाटायला लागलंय, आणि मी सकाळी घरातून निघताना या मताची नव्हते. आमची अडचण वेगळी आहे, आमच्या गल्लीत गाडी रस्त्यावर लागते, वायर खिडकीतून ओढायची म्हणजे शेजाऱ्यांच्या पायात. अपार्टमेंटवाल्यांनी आधी सोसायटीची परवानगी, मग टेस्ट ड्राइव्ह, असा क्रम ठेवा.

त्याच लाईनीत एमजीची इलेक्ट्रिक विंडसर होती. मागची सीट १३५ अंशापर्यंत मागं कलते, सासूबाई तिथं अशा निवांत टेकल्या की उठायचं नावच घेईनात, खालची फरशी सपाट, पाय पसरायला जागाच जागा. बॅटरी विकत न घेता किलोमीटरप्रमाणे भाडं द्यायची पण सोय आहे त्यात. आमच्या ह्यांनी तिथंच मोबाईलवर हिशोब मांडला, गाडीची किंमत कमी दिसते खरी पण आमचं रनिंग जास्त असल्यामुळे भाडं पण तेवढंच वाढतं, आणि वर घरच्या चार्जिंगचं लाईट बिल वेगळं. ज्यांचं रनिंग कमी आहे त्यांनी किमान महिन्याचं भाडं किती द्यावं लागतं ते आधी विचारावं. मला वाटतं आजी-आजोबांना घेऊन फिरणाऱ्यांनी ही गाडी एकदा तरी बसून बघावी.

हायब्रीडमध्ये, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्हीवर चालणाऱ्यांत, टोयोटाची हायरायडर होती, कंपनीचा मायलेजचा आकडा २७.९७. गल्लीत ती बराच वेळ बॅटरीवरच चालली, इंजिन कधी चालू झालं कधी बंद झालं ते आवाज ऐकूनच कळायचं. चार्जिंगला लावायची भानगड नाही, हे मला फार पटलं. बजेटच्या बाहेर म्हणून तिथं जास्त रेंगाळले नाही.

एका ऑटोमॅटिक गाडीत, नाव घेत नाही, स्वस्तातला जो ऑटोमॅटिक गिअर असतो ना, एएमटी, तो गिअर बदलताना पुढच्याला मान हलल्यासारखं व्हायचं आणि मागच्याला दुप्पट. शेजारचा मुलगा म्हणाला सवय होते. चालवणाऱ्याला होते, पाय थोडा उचलला की झटका कमी होतो हे मला पण जमलं थोड्या वेळाने, पण मागं बसणाऱ्याने कशाची सवय करायची? आणि अजून एका महागड्या गाडीत एसीचा फॅन कमी करायला स्क्रीनवर आधी एक पान उघडायचं, मग बोट सरकवायचं. चालत्या गाडीत, समोर रिक्षा, बाजूनं बुलेट, आणि नजर स्क्रीनवर. बटण पाहिजे. फिरवायचं साधं बटण. हे मी त्यांच्या फीडबॅक फॉर्ममध्ये लिहून आले आणि तुम्ही पण लिहा, म्हणजे कधीतरी कुणीतरी ऐकेल. एडासचं, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणाऱ्या यंत्रणेचं पण तसंच, लेन सोडली की गाडी सावध करते म्हणे, पण जिथं रस्त्यावर पट्टेच पुसलेले तिथं ती काय बघणार. हायवेला त्याचा उपयोग आहे, ते नाकारत नाही, पण फक्त त्यासाठी वरचं मॉडेल घेऊ नका.

दुचाकीचा कोपरा लहान होता पण पोरांची तिथं झुंबड. पुतण्याने बजाजची फ्रीडम १२५ चालवली, जुलै २०२४ ला आलेली जगातली पहिली सीएनजी बाईक, सीटखाली २ किलोची सीएनजीची टाकी आणि वर २ लिटर पेट्रोल. सीट लांबलचक आहे, दोघं आणि मधे पिशवी बसते. त्याला कॉलेजला जायचंय, त्याला आवडली. मी एथरची इलेक्ट्रिक स्कूटर रिझ्टा चालवली, सीट रुंद, पाय ठेवायची जागा मोठी, सीटखाली आणि पुढं मिळून ५६ लिटर सामान, भाजी मंडईतून येताना हेच लागतं. दुचाकीचा रूट मात्र लॉनच्या आतल्या आतच ठेवला होता, गोल गोल. कारला एवढा चांगला रूट दिला आणि दुचाकीला नाही, हे मला पटलं नाही. सेफ्टीचं कारण सांगितलं. पण हेल्मेट देऊन, सोबत माणूस देऊन बाहेर सोडता आलं असतं.

आता माणसांबद्दल. बहुतेक पोरं नम्र होती, घाई करत नव्हती, "मॅडम अजून एक चक्कर पाहिजे का" असं स्वतः विचारत होती. पण एका स्टॉलवर मी प्रश्न विचारायचे आणि उत्तर आमच्या ह्यांना मिळायचं. "सर, मॅडमसाठी ऑटोमॅटिकच बरी." मी सरळ सांगितलं, गाडी मी चालवणार आहे, हप्ता माझ्या युनिटच्या खात्यातून जाणार आहे, आणि मॅन्युअल मला चांगली येते. आमचे हे पण म्हणाले, ओ मालक, तिच्याशी बोला, मला गाडीतलं काय कळत नाही. त्यानंतर त्यांनी नीट माहिती दिली. सोलापुरात आज कितीतरी बायका चालवतात, शिक्षिका, डॉक्टर, आमच्यासारख्या कारखानदार, आणि सेल्समध्ये असलेल्या लोकांनी हे आता धरूनच चालायला पाहिजे. आयोजकांनी एखाद-दुसऱ्या स्टॉलवर मुली सेल्समध्ये ठेवल्या होत्या, तिथं सगळ्यात छान माहिती मिळाली, अगदी ड्रायव्हर सीट वर-खाली करून, आरसे लावून, बॉनेट कुठपर्यंत दिसतं ते बघूनच निघा असं त्यांनी सांगितलं. हे बाकी कुणीच सांगितलं नव्हतं.

सेफ्टीच्या बाबतीत लोक आता विचारतात हे बघून बरं वाटलं. पूर्वी फक्त "कितना देती है" असायचं. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपलं स्वतःचं भारत एनकॅप सुरू झालं, त्याचे स्टार काही स्टॉलवर मोठ्या अक्षरात लावलेले होते. फक्त एक बघा, स्टार कुठल्या व्हर्जनला आणि कुठल्या वर्षीच्या नियमांनी मिळाले ते विचारा, कारण ग्लोबल एनकॅपचे नियम २०२२ ला कडक झालेत, त्यांचे जुने ५ आणि नवे ५ सारखे नाहीत. आणि मागच्या सीटचे बेल्ट सगळे लावून बघा. मी सासूबाईंना प्रत्येक गाडीत बेल्ट लावायला लावला. काही गाड्यांत बकल सीटच्या फटीत इतकं रुतलेलं की म्हाताऱ्या हाताला सापडतच नाही, मग ते माणूस बेल्ट लावायचाच कंटाळा करतं. ज्या गाडीत बकल उभं आणि हाताला लागेल असं आहे तिला माझ्याकडून जास्तीचा मार्क.

वेळेचं नियोजन करून जावा. आम्ही सकाळी लवकर गेलो म्हणून भराभर गाड्या मिळाल्या, अकरानंतर टोकनची रांग अशी वाढली की इलेक्ट्रिकसाठी तासभर उभं राहायला लागलं, आणि मार्चचं ऊन. मंडपात कूलर होते, पाण्याचे जार होते, पण म्हाताऱ्या माणसांना बसायला खुर्च्या कमी. पण उन्हात जायचा एक फायदा झाला, गाडी उभी असताना तापलेली, दार उघडून बसलो, आणि मागं गार व्हायला किती वेळ लागतो ते प्रत्येक गाडीत बघता आलं. मागं एसीचे व्हेंट असलेल्या आणि नसलेल्या गाडीत सोलापूरला जमीन-अस्मानाचा फरक आहे. खालच्या मॉडेलमध्ये ते व्हेंट काढून टाकतात काही ठिकाणी, डेमोची गाडी मात्र नेहमी टॉपची असते. म्हणून चालवून झाल्यावर हे नक्की विचारा, मी आता जे जे अनुभवलं त्यातलं माझ्या बजेटच्या मॉडेलमध्ये काय काय नाही? आणि ते कागदावर लिहून घ्या.

किमतीचं पण तसंच. बोर्डावर एक्स-शोरूम असते. ऑन-रोडचा कागद मागा, त्यात आरटीओ, इन्शुरन्स, ॲक्सेसरीज, एक्स्टेंडेड वॉरंटी सगळं वेगळं लिहिलेलं पाहिजे. आम्हाला एका ठिकाणी ॲक्सेसरीजचं पॅकेज कंपल्सरी आहे म्हणून सांगितलं, मी म्हटलं मग तसं लेटरहेडवर लिहून द्या, तर लगेच ऑप्शनल झालं. बँकांची टेबलं तिथंच आहेत, व्याजदर विचारून घ्या पण तिथल्या तिथं सही करू नका, "आजच्या दिवसाची ऑफर" सगळेच म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी फोन करून तीच ऑफर देतात. फोनवरून आठवलं, नंबर दिला की फोन येणारच. आम्हाला अजून येतायत.

सध्या घरात नेक्सॉन सीएनजी आणि पंच यावर गाडी अडलीय. सासूबाईंचं मत पंचला, कारण दार. माझं नेक्सॉनला, कारण डिकी. आमच्या ह्यांचं म्हणणं दोन्हीचे ऑन-रोडचे कागद समोर ठेवून बघू. एक गोष्ट मेळ्यात बघायची राहिली, ती म्हणजे रात्रीचे हेडलाईट, कारण बार्शीहून परत यायला मला बऱ्याचदा अंधार होतो आणि समोरून उसाच्या ट्रॉल्या बिनलाईटच्या येतात. शोरूमला फोन करून विचारलंय की संध्याकाळी सातनंतर डेमो मिळेल का, आज्जी पण येणार आहेत आणि गठ्ठे पण. हो म्हणालेत.